फळीखालचे हात

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, पण पाहुण्यांना बसायला देतात त्यातली नव्हे. माझे पाय उंच, बैठक वीतभर आणि पुढे जेवणाची आडवी फळी. माझ्यावर बसायचा मान फक्त बाळांचा. मित्रांनो, शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. तेव्हा मला गोड गोड बोलता येत नाही, जे झालं ते सांगते.

दाराचं सागवान उरलं होतं, त्यातून सुताराने मला घडवलं. फळीला बाजूने पितळी खिट्टी बसवली आणि म्हणाला, "मूल कितीही उसळलं तरी खाली पडायचं नाही." आज जी या घरची आजी आहे, ती तेव्हा पहिलटकरीण होती. तिची तिन्ही मुलं माझ्यावर जेवली आणि तिन्ही वर्षाच्या आत बोलायला लागली. थोरला तर इतका बोलायचा, की त्याला गप्प करायला पगारी माणूस ठेवावा लागला असता! शेजारणी म्हणायच्या, "खुर्चीचा गुण आहे हो." मला ते खरंच वाटलं. लाकडालाही ताठा असतो, मित्रांनो.

पुढे पंचवीस वर्षं मी माळ्यावर पडून होते. कोळ्यांशिवाय कुणी विचारलं नाही. थोरल्याला मुलगा झाला तेव्हा आजीने मला खाली काढलं, स्वतःच्या हाताने तेल चोळलं. बाळाला सगळे टिल्लू म्हणत.

टिल्लूची आई कपड्यांच्या कारखान्यात शिवायला जायची. तिथल्या पाळणाघराच्या बाईंनी बाळाशी हातांनी कसं बोलायचं ते तिला शिकवलं होतं. बोटांची टोकं जुळवली की 'आणखी'. दोन्ही तळवे झटकले की 'पुरे'. दोन तर्जन्या टोकाला टोक लावल्या की 'दुखतंय', आणि जिथे दुखतं तिथे ती बोटं न्यायची. टिल्लू दहा महिन्यांचा असताना माझ्या फळीवर बोटं जुळवून 'आणखी' मागायचा. त्याची आई हसून तोंडानेही म्हणायची, "आणखी? घे आणखी!"

टिल्लू सव्वा वर्षाचा झाला आणि पाळणाघर बंद पडलं. दुपारचं जेवण आजीकडे आलं. पोर अजून एक शब्द बोलत नव्हतं.

"हे हातवारे आधी बंद कर," आजी सुनेला म्हणाली. "हाताने काम भागलं की जिभेला आळस चढतो."

"आई, बाई म्हणाल्या की खुणांमुळे बोलणं अडत नाही."

"त्या बाईंना किती पोरं झाली? मी तीन वाढवली. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मला तर आजीचंच पटलं. माझ्यावर बसलेलं मूल मुकं राहील? माझं नाक कापलं जाईल!

दुसऱ्या दिवशी आजीने टिल्लूला बसवलं, त्याचे दोन्ही हात फळीखाली घातले आणि खिट्टी लावली. केळ्याचा तुकडा समोर धरून ती म्हणाली, "तोंडाने माग. म्हण, दे."

पोर आधी हसलं. मग खालून फळीवर बोटं आपटायला लागलं. मला ती टकटक कळत होती. पण खिट्टी पक्की होती आणि मला माझ्या पक्केपणाचा अभिमान होता. आजी काही कसाई नव्हती. शेवटी तुकडा भरवायचीच, पण हात सोडायची नाही.

पंधरा दिवसांत टिल्लूने खुणा सोडल्या. "बघ, मोडली की नाही खोड?" आजी म्हणाली. सून नुसतं त्याच्या हातांकडे बघत राहिली.

मग एका आठवड्यात तो जेवताना मान वाकडी करून रडायला लागला. फळीखाली त्याच्या तर्जन्या पुन्हा पुन्हा एकमेकींना भिडत होत्या. मला त्या लागत होत्या, मित्रांनो. त्यापलीकडे मला काय करता येत होतं? आजी म्हणाली, "दात येत असतील. नखरे करतोय." तिसऱ्या दुपारी त्याच्या डाव्या कानातून पू वाहून माझ्या पाठीवर सांडला.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. तपासून म्हणाल्या, "कानाच्या पडद्यामागे बरेच दिवस पाणी साठलेलं असणार. याला सगळं भिंतीपलीकडून ऐकल्यासारखं येत होतं. ऐकूच आलं नाही तर पोर बोलेल कसं? कान दुखतोय हे कळलं नाही का तुम्हाला?"

सुनेने आजीकडे पाहिलं. "आई, त्याने तुम्हाला बोटं लावून दाखवलं नव्हतं?"

आजीचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा इतका बारीक ऐकला. "हात फळीखाली होते गं त्याचे."

उपचार झाले. उजवा कान सुधारला, डाव्याने आजही कमीच ऐकू येतं. अडीच वर्षांचा झाल्यावर टिल्लू बोलायला लागला. आईपाशी तो तोंडाने बोलतो आणि हातही नाचवतो. आजीनेही सुनेकडून खुणा शिकून घेतल्या. ताठलेली बोटं जुळवून ती विचारते, "आणखी?" टिल्लू स्वतःचे हात मांडीखाली घालतो आणि स्वच्छ शब्दांत म्हणतो, "नको, आजी." तिला जसं हवं होतं, अगदी तसं.

परवा शेजारीण नातीसाठी मला मागायला आली. आजी म्हणाली, "ने. पण ती खिट्टी काढून टाक." शेजारीण म्हणाली, "अहो, मग पोर पडेल." आजी खिट्टीवरून बोट फिरवत राहिली.

म्हणून मीच सांगते. मित्रांनो, तुमच्या घरात न बोलणारं धाकटं भावंड असेल, तर त्याच्याशी खूप बोला, त्याचे कान वेळेवर तपासून घ्यायला मोठ्यांना सांगा. आणि माझ्यासारख्या खुर्चीत त्याला बसवलंत, तर खिट्टी खुशाल लावा, पण त्याआधी त्याचे दोन्ही हात फळीच्या वर काढा.