पाच नंबरचा खण

मी कंपायलर लिहिते. हे वाक्य मी सोसायटीत आजवर तीनदा बोलले आहे. पहिल्यांदा समोरच्या काकूंनी विचारलं, "म्हणजे घरूनच का गं?" दुसऱ्यांदा आठव्या मजल्यावरच्या प्रभाकररावांनी बिघडलेला लॅपटॉप आणून दिला. तिसऱ्यांदा बोलले ती एका रविवारी, बाळकुमच्या आमच्या टॉवरच्या क्लब हाउसमध्ये, पन्नासेक सभासदांसमोर. त्या दिवशी काळुरामच्या नोकरीचा निकाल लागायचा होता.

काळुराम आमचा पंपवाला. अकरा वर्षं झाली त्याला. वरची टाकी भरली की मोटर बंद करायची, पालिकेचं पाणी आलं की खालच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा, गच्चीची चावी सांभाळायची. मीटर रूमशेजारच्या खोलीत तो आणि त्याची बायको तुळसा राहायचे. नोकरी आहे तोवर खोली आहे, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांना पाठ होतं.

गेल्या वर्षी सोसायटीने पंपाला ऑटोमॅटिक पॅनेल बसवलं. आतली चिप आणि प्रोग्रॅम आमच्या कंपनीचे. ही माहिती मीच लिफ्टमध्ये, गणपतीत आणि एकदा तर कोणाच्या तरी बारशात मिरवत दिली होती. पॅनेलच्या बाजूला लगेच फलक लागला: "पॅनेलला कोणीही हात लावू नये. हुकमावरून." काळुरामला तो खास वाचून दाखवण्यात आला. त्याला वाचता येतं, पण समितीला आवाज चढवून वाचायची संधी हवी होती.

मार्च महिन्यात वरची टाकी तीनदा भरून वाहिली. पहिल्या दोन वेळा पाणी गच्चीवरून गेलं, म्हणून कोणाला फारसं दुःख झालं नाही. तिसऱ्या वेळी ते सर्वात वरच्या मजल्यावर चेअरमन सुदेश भोईर यांच्या नव्याकोऱ्या पीओपीच्या सीलिंगमधून हॉलमध्ये उतरलं. मग मात्र पाण्याची नासाडी हा गंभीर विषय झाला. टॉवर उभा आहे ती जमीन भोईरांच्या वडिलांची. तिथे पूर्वी भात व्हायचा. त्यामुळे चेअरमनपद आपल्याला सातबाऱ्यासोबतच मिळालंय अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

"मशीन झोपतं का रे?" त्यांनी काळुरामला खाली पार्किंगमध्येच गाठलं. "झोपला असशील तूच!"

"साहेब, मी जागाच होतो. मला दिसत होतं पाणी. पण पॅनेलला हात लावायचा नाय ना."

"म्हणून टाकी वाहू द्यायची?"

हात लावला तर नियम मोडला, नाही लावला तर अक्कल नाही. समितीला यात काहीच विसंगत वाटलं नाही. रविवारी विशेष सभा ठरली, विषय एकच: काळुरामला काढणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले होते, तेव्हा तो गेटपाशी आला. "मॅडम, एक सांगू? खाली पालिकेचं पाणी येत असलं ना, की वरची मोटर थांबतच नाय. तिन्ही वेळा तसंच झालंय. एरवी बरोबर थांबते."

"अहो, त्या दोन टाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही," मी म्हणाले. नाकाने कांदे सोलण्यात मी कोणाला ऐकत नाही. "मशीनला काय कळतंय पाणी कुठलं येतंय ते!"

"तेच बोलतोय मी. कळत नाय त्याला."

हे वाक्य घोडबंदर रोडच्या सिग्नलपर्यंत डोक्यात राहिलं, आणि ऑफिसात पोचल्यावर मी पॅनेलच्या प्रोग्रॅममधल्या आज्ञांची यादी उघडून बसले.

थोडं समजावून सांगावं लागेल. चिपच्या आत आकडे ठेवायला मोजके खण असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. आमच्या चिपला ते आठ आहेत, मिसळणाच्या डब्यापेक्षा एक जास्त. प्रोग्रॅमला आकडे सांभाळायचे असतात पन्नास. म्हणून कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम चिपच्या आज्ञांमध्ये उतरवणारा प्रोग्रॅम, प्रत्येक आज्ञेला खुणा चिकटवतो: ही अमुक खण वाचते, तमुक खण भरते, आणि जाता जाता, न सांगता, तिसऱ्याच खणातल्या आकड्याची वाट लावते. यातली एक खूण सगळ्यात जोखमीची. ती सांगते की या आकड्याचा हा शेवटचा वापर, यापुढे तो कोणालाही लागणार नाही, खण मोकळा समजा. ती वाचली की कंपायलर बिनदिक्कत तिथे दुसरं बिऱ्हाड आणून ठेवतो. आमच्यात याला आकडा मारणं म्हणतात. एरवी आम्ही झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढतो.

वरच्या टाकीची पातळी पाच नंबरच्या खणात होती. आधी मोटर थांबवायची की नाही ते ठरायचं, मग पातळी डिस्प्लेवर दिसायची. डिस्प्ले हा शेवटचा वापर, खूण तिथे. कामाचा वेग वाढावा म्हणून मी फेब्रुवारीत क्रम फिरवणारा एक हुशार भाग कंपायलरमध्ये घातला आणि तो वापरून बनवलेला प्रोग्रॅम पॅनेलमध्ये गेला: आता डिस्प्ले आधी, निर्णय नंतर. फक्त खूण हलवायला विसरले. ती डिस्प्लेपाशीच राहिली, आणि पाच नंबर निर्णयाच्या आधीच मोकळा जाहीर झाला. पालिकेचं पाणी येत नसेल तेव्हा तिथे कोणी फिरकत नसे, म्हणून सगळं सुरळीत. पाणी येऊ लागलं की खालच्या टाकीची पातळी नेमकी त्याच खणात यायची. मग निर्णय घेणारी आज्ञा यायची, पाच नंबर उघडायची, आत दिसायचं 'निम्मी टाकी', आणि वर धबधबा सुरू असताना ती मोटरला म्हणायची, चालू दे.

काळुरामने हे सगळं गच्चीवर उभं राहून, नुसतं बघून सांगितलं होतं.

खुणा बरोबर आहेत का ते तपासणारा एक प्रोग्रॅम असतो. तो ही चूक पहिल्याच मिनिटाला पकडतो. तो मी बंद करून ठेवला होता, कारण एका शुक्रवारी तो सारख्या तक्रारी करत होता आणि मला डोंबिवलीला आईकडे जेवायला जायचं होतं. चूक दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारावी म्हणून मी अर्धा तास मनापासून शोध घेतला. सगळीकडे माझंच नाव. माझ्या एका खुणेपायी एक माणूस बायकोसकट रस्त्यावर यायचा होता, आणि मी त्याला सकाळी विज्ञान शिकवलं होतं.

"ऋतिका, अगं दुरुस्त कर ना," माझा मॅनेजर मितेश म्हणाला. तो कल्याणचा, अडचणीच्या वेळी अत्यंत शांत. "पण बोंबलू नकोस. नोटमध्ये टाक, किरकोळ सुधारणा. कस्टमरसमोर काहीही कबूल करायचं नाही. पुढच्या महिन्यात तुझं अप्रेझल आहे, लक्षात आहे ना?"

खूण योग्य जागी नेली, तपासणारा प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. शनिवारी सकाळी पालिकेचं पाणी चालू असताना मी आणि काळुराम गच्चीवर गेलो. नवा प्रोग्रॅम पॅनेलमध्ये भरला होता. काळुराम टाकीचं झाकण उघडून आत वाकून बघत राहिला. पाणी टाकीतल्या वरच्या रेघेला टेकलं आणि मोटर थांबली. तो एवढा मोकळा हसला की मला त्याच्याकडे बघवेना.

"उद्या तुम्ही बोलाल ना सभेत?" त्याने विचारलं.

"बोलेन," मी म्हणाले.

आणि बोलले. अप्रेझल गेलं खड्ड्यात म्हणून उभी राहिले. मी कंपायलर लिहिते इथपासून सुरुवात केली, खण, खुणा, शेवटचा वापर, सगळं सांगितलं. चूक माझी, काळुरामची नाही. उलट ती शोधली त्याने. सभा स्तब्ध होती. निम्मे लोक कळल्यामुळे, निम्मे नाश्ता यायचा होता म्हणून. काळुराम दाराशी चपलांजवळ उभा होता, त्याच्यामागे तुळसा.

भोईर गहिवरले. "बघा! आजकाल चूक कबूल कोण करतं? टाळ्या वाजवा मॅडमसाठी." टाळ्या वाजल्या. "आणि काळुराम झोपला नव्हता, हे आपण मिनिट्समध्ये लिहून घेऊ. त्याच्यासाठी पण टाळ्या." पुन्हा वाजल्या. मी जगातली सर्वात थोर स्त्री असल्यासारखी उभी होते.

"फक्त एक सांगा मॅडम," भोईर म्हणाले. "आता मशीन पुन्हा चुकणार नाही ना? म्हणजे त्याच्यावर कोणी लक्ष ठेवायची गरज?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पंधरा वर्षांचा अनुभव, दोन पेटंट, आणि आत्ताच सगळ्यांसमोर खाल्लेली माती.

"अजिबात नाही," मी म्हणाले. "शंभर टक्के."

"मग झालं की!" खजिनदारांचा चेहरा उजळला. "व्हॉल्व्हला पण मोटर बसते आता. मग पंपवाला हवा कशाला?"

मी म्हणाले, तसं नाही, थांबा, माझा तसा अर्थ नव्हता. भोईरांनी हात वर करून मला प्रेमाने गप्प केलं. तुम्ही टेक्निकल बाजू सांगितलीत, आता ही प्रशासकीय बाजू. पाच मिनिटांत ठराव झाला: काळुराम यांची सेवा निष्कलंक होती, सोसायटी त्यांची ऋणी आहे, खोली महिनाअखेर रिकामी करावी. एकमताने. माझा हात खालीच होता, पण एकमतात तो कोणी मोजला नाही.

महिनाअखेरीला टेम्पो आला. सामान थोडंच होतं. विठ्ठलवाडीला त्याच्या बहिणीकडे जायचं होतं. तुळसा पुढे बसली, माझ्याकडे तिने पाहिलं नाही. काळुराम मात्र माझ्यापाशी आला आणि गच्चीची चावी माझ्या हातात ठेवली. मी माफी मागायला लागले. काय बोलत होते ते मला आठवत नाही. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही खरं बोललात मॅडम, तेवढं कोण बोलतं," तो म्हणाला. "पण ऐंशी टक्के बोलला असतात ना, तरी माझं भागलं असतं."