जुन्या डिस्कमधले अर्ज

पिपरी मेघेतल्या प्रेमदास यांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला बावीस मिनिटं लागत. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बटण दाबायचं, आंघोळ करायची, चहा घ्यायचा, मग बसायचं. पण विहाराच्या कार्यक्रमाची यादी टाइप करताना तो एकाच सकाळी तीनदा बंद पडला, तेव्हा त्यांच्या पत्नी सीताबाई म्हणाल्या, "त्या रूपालीले बोलवा."

रूपालीचं वर्ध्यात दुरुस्तीचं दुकान होतं. रविवारी ती घरी आली, तिनं कॉम्प्युटरचा डबा उघडला, ब्रशनं धूळ काढली आणि पालीच्या अंड्यांची दोन टरफलं पेपरवर ठेवली.

"काका, फेकू नका हा. रॅम वाढवते, नवीन एसएसडी डिस्क टाकते. धावन."

"अन् जुन्या डिस्कमधलं?"

"तिले डबीत बसवून यूएसबीनं बाहेरून जोडून देते. पेनड्राइव्हसारखी."

दुपारी कॉम्प्युटर अठरा सेकंदांत सुरू झाला. प्रेमदास सवयीनं टॉवेल घेऊन निघाले होते. ते टॉवेलासकट खुर्चीवर बसले.

जुनी डिस्क चालते का हे बघायला रूपालीनं एक फोल्डर उघडलं. नाव होतं 'सीता'. आत एक्केचाळीस फाइली, आणि अक्षरं सगळी अगम्य.

"फॉन्ट जुना हाये," ती म्हणाली.

"राहू दे. कामाचं नाई ते," प्रेमदास घाईनं म्हणाले. तोवर तिनं फॉन्ट टाकलाही होता.

'प्रति, सौ. सीताबाई, परिचारिका, आष्टी. विषय : सुट्टीत घरी येणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, आपण गेल्यापासून घरात मन लागत नाही. मागील रविवारी भाजीत मीठ दोनदा पडले. तरी शनिवारच्या बसने यावे, ही विनंती.'

सीताबाई चार वर्षं आष्टीच्या दवाखान्यात नोकरीला होत्या. त्या काळात नवऱ्यानं फोनवर फक्त गॅस सिलिंडरची चौकशी केली होती. सीताबाईंनी उभ्यानंच तीन अर्ज वाचले, मग स्टूल ओढलं. रूपाली प्रिंटरची वायर जोडू लागली. त्या कामाला तिनं गरजेपेक्षा जास्त वेळ लावला.

"काऊन पाठवले नाई?" सीताबाईंनी विचारलं.

"जावक नंबर टाकाचा राह्यला."

"साऱ्यायवर?"

सीताबाई रूपालीकडे वळल्या.

"रूपाली, प्रिंटर चालते का पाहाचं हाये ना तुले? मंग हेच काढ. सारे."

तेहेतीस अर्ज निघाल्यावर कागद संपले. प्रेमदास चौकात गेले आणि नवा गठ्ठा घेऊन आले. सीताबाई पहिल्या अर्जाच्या समासात लाल पेनानं लिहीत होत्या. प्रेमदासांनी चष्मा लावून वाचलं : 'अर्ज मुदतीत प्राप्त झाला नाही. तथापि मंजूर.'

खाली सही होती, तारीख होती.

प्रेमदासांनी प्रिंटरमध्ये कागद भरले. उरलेले आठ निघू लागले, तसा सीताबाईंनी दुसरा अर्ज पुढे ओढला.