जाड्या तारेची जागा

पोट्ट्याले मी बजावून ठेवलं होतं, "राजदीप, बाबाले खरं सांगून दे. नाईतर मी सांगीन." पन आयकन त तो माहा पोरगा कायचा! "अल्बम होऊ दे, आई, अल्बम होऊ दे," एकच धोशा.

आमचा बुढा, राजदीपचा बाप लहानू, पहिले गायन पार्टीत गिटार वाजवे. जयंतीच्या कार्यक्रमाले कोरपन्यापासून राजुऱ्यापर्यंत बोलावनं ये. मंग चुनखडीच्या खदानीत सुरुंगाच्या कामावर लागला अन सुरुंगानं त्याचे कान खाल्ले. आता बारीक आवाज त्याले येतच नाई. पाखरू नाई, कुकरची शिटी नाई, माही बोंब नाई. फक्त जाड आवाज समजते, धम धम, तो बी आंगातून.

राजदीप लग्नात डीजे वाजवते. त्याच्या डोक्यात लय दिवसापासून भूत बसलं होतं, सोताचा अल्बम काढाचा. टेक्नो म्हंते त्याले. खाली ठोका सारखा चालू, वर गिटार, अन मधात ठोका थांबते तवा निस्तं रान. त्यासाठी एटापल्लीच्या रानात जाऊन पहाटे मोहाखाली बसला, फुलं टपटप पडते ते रेकॉर्ड करून आनलं. मी म्हन्लं, बाप्पा! लोकं मोह येचाले जाते, हा आयकाले गेला. पन आयकलं तवा मले बी बरं वाटलं, खोटं काऊन बोलू.

गिटार बाबाचीच पायजे, हे बी त्यानंच धरलं. बुढ्याले आंगनात बसवलं. आवाज आंगात यावा म्हनून बुढ्यानं गिटारच्या खोक्याले हनवटी टेकवली अन वाजवलं. ठोका थांबते त्या जागी त्यानं जाडी तार छेडली, एकटीच, सावकाश. "इथी दुसरं काई वाजवू नोको," पोराले म्हने. "ही जागा माही."

अन बेसूर! अवो, कसं सांगू तुमाले. राजदीपनं तारा लावून देल्या होत्या, तरी बुढ्याची बोटं भलत्याच घरात पडे. ठोका पुढं जाये अन बुढा मागं राहे. पोरानं परत परत वाजवून घेतलं. मंग खोलीत कडी लावून सारी गिटार सोताच वाजवली अन बापाची पुसून टाकली. जाड्या तारेच्या जागी बारीक तारायवरची नाजूक चाल बसवली.

इकडं बुढा गावभर सांगत फिरे, "माह्या गिटारवर पोट्टे नाचनार हायेत!" चक्कीवर, पानठेल्यावर, जिथी जाईन तिथी. माहा जीव जळे. पोराले म्हन्लं, "अरे, लाज हाय का तुले? नाव बापाचं अन हात तुहा!" त तो रडाले लागला. "आई, मी काय करू? त्याचं ठेवतो त लोक त्याले हासन. काढलं म्हनून सांगतो त तो खचून जाईन." मंग मी बी बुढ्याले सांगाचं टाळलं.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, सांजच्याले, शाळेच्या मैदानात अल्बम वाजवला. बुढ्यानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला अन सीधा मोठ्या स्पीकरपाशी जाऊन त्याच्यावर हात टेकवून उभा राह्यला. ठोका सुरू झाला तसं त्याचं मुंडकं डोलाले लागलं. पोट्टे नाचत होते, पोरी बी. पार्टीतला त्याचा पेटीवाला नागसेनभाऊ कानापाशी येऊन जाड्या आवाजात वरडला, "लहानू, बोटं काय फिरून राह्यली बे तुही! जवानीत बी नव्हती फिरत!" बुढा खुशीत हासला.

मंग ठोका थांबला. मोहाची फुलं टपकाले लागली. नाचनारे जागच्या जागी उभे राह्यले. बुढ्यानं दोन्ही तळहात स्पीकरवर ठेवले अन डोळे मिटले. आता त्याची जाडी तार याची होती. तेवढी त्याले हातानं समजली असती. पन राजदीपची नाजूक चाल वाजत होती, अन बुढ्याच्या हाताखाली काईच नव्हतं.

त्यानं हात जरासे खाली सरकवले. मंग बाजूले. स्पीकर बंद पडला का म्हनून मागं वाकून वायर पाह्यली. वायर ठीक होती. मंग त्यानं हात काढले अन शर्टाले पुसले. मी धावतच गेली अन त्याचा दंड धरला.

त्याले वाटलं, आपन हिच्या कानात हळूच बोलून राह्यलो. बहिऱ्या मानसाले सोताच्या आवाजाचा अंदाज राहात नाई. अन मैदानात तवा त्या बारीक चालीबिगर सारं शांत.

"केसर," तो म्हने, अन साऱ्या मैदानानं आयकलं, "माही तार काढली वो त्यानं. लय बेसूर वाजवली होती का मी?"

नागसेनभाऊनं मान खाली घातली. राजदीप लॅपटॉपपाशी पांढरा पडून उभा होता. मी बुढ्याचं तोंड दाबाले हात उचलला, पन तो कायले थांबते.

"पोराले सांगू नोको मले समजलं म्हनून," बुढा म्हने. "लय मेहनत केली बिचाऱ्यानं. त्याले वाईट वाटन."

ठोका परत सुरू झाला. कोनीच हाललं नाई. बुढा तेवढा पोराकडं पाहून हासला, अन दोन्ही हात वर करून नाचाले लागला.