दुसरा ब्रेक

शिकाऊ गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शिकवणाऱ्याच्या. मॅडम एकवीस वर्षं त्या दुसऱ्या ब्रेकपाशी बसत आल्या होत्या आणि तो कमीत कमी वापरण्याबद्दल त्यांचं नाव होतं. दोन महिन्यांपूर्वी गोल चौकात त्यांनी तो अर्धा सेकंद उशिरा दाबला. गाडी नर्सिंग शिकणारी एक मुलगी चालवत होती. आडव्या आलेल्या टेंपोने मॅडमच्या बाजूचं दार आत ढकललं. मुलीचं मनगट मुरगळलं, मॅडमना ओरखडाही आला नाही. गाडी आठवड्यात दुरुस्त झाली. पाय झाला नाही.

त्या दिवसापासून मॅडम ब्रेक आधीच दाबू लागल्या. फूटपाथवर कुत्रं दिसलं तरी, सिग्नल हिरवा असला तरी. त्यांचा एक विद्यार्थी प्रत्येक चुकीवर युक्तिवाद करायचा, म्हणून त्यांनी त्याचं नाव वकील ठेवलं होतं. त्याने एकदा गाडी बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, नक्की कोण चालवतंय? तुम्ही चालवत असाल तर मी मागे बसून डबा खातो." नर्सिंगच्या मुलीला सगळे नर्सच म्हणत; ती मनगट बरं झाल्यावर परत आली, पण तिने दुसरे शिक्षक मागून घेतले. शेवटी शुक्रवारी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकिणीने मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. सोमवारी सकाळी नऊला ती स्वतः मागच्या सीटवर बसणार होती. पाय असाच चालणार असेल, तर मंगळवारपासून मॅडमनी वर्गात तक्त्यावरच्या वाहतुकीच्या खुणा शिकवायच्या.

शनिवारची थीम पार्कची तिकिटं नवऱ्याने महिन्याभरापूर्वीच काढली होती.

"आजच जायला हवं का?" मॅडमनी विचारलं.

"घरी राहून तू ओट्यापाशी ब्रेक मारत बसणार. तिथे जाऊन मार. जागा मोठी आहे."

नवरा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेमला बसवायचा. वय पन्नास, आणि गाडी चालवता येत नव्हती. बायकोने अर्ध्या गावाला शिकवलं आणि नवरा बसने फिरतो, हा शेजाऱ्यांचा आवडता विनोद होता. दिव्याखाली अंधार, असं ते म्हणत. नवऱ्याचं उत्तर ठरलेलं असे: घरातल्या चुका तिला पुरतात, रस्त्यावरच्या कशाला द्यायच्या?

पार्क दहाला उघडलं. आत शिरलेली गर्दी समोरच्या किल्ल्याकडे धावली. मॅडमनी नकाशाची घडी घातली आणि दुसऱ्या टोकापासून सुरुवात करायची, असं सांगितलं. त्यामुळे साडेदहाला ते सगळ्यात उंच रोलर कोस्टरमध्ये बसलेले होते आणि दहा पस्तीसला खाली उतरले होते. बाहेरच्या खिडकीत फोटो लागले. तेवीस माणसांची तोंडं उघडी होती. मॅडमचं बंद, आणि नजर एका बाजूला वर.

"तिकडे काय बघत होतीस?"

"मागचा आरसा."

"होता?"

"नव्हता. म्हणून तर शोधत होते."

बाकावर बसल्यावर मॅडमनी चप्पल काढली. पोटरीत गोळा आला होता. नवऱ्याने तो अंगठ्याने दाबून मोकळा केला.

"सगळा वेळ दाबत होतीस?"

"लागत होता तिथेच."

"बघ, तू न थांबवताही चोवीस माणसं नीट खाली आली."

"ती गाडी रुळावर होती," मॅडम म्हणाल्या. "रुळावरच्या गाडीला शिक्षक लागत नाही."

नवऱ्याने नकाशा उघडला आणि एका जागी बोट ठेवलं. जुन्या मोटारींचा रस्ता. छोट्या उघड्या मोटारी, खरं स्टिअरिंग, खरं इंजिन. रस्त्याच्या मधोमध एक लोखंडी पट्टी होती, तिच्यामुळे मोटार बाहेर जाऊ शकत नव्हती. पण हातभर इकडे, हातभर तिकडे चालवणाऱ्याच्या मर्जीवर होतं.

"इथे मी चालवतो," नवरा म्हणाला.

तेवीस वर्षांच्या संसारात तो त्या बाजूला कधी बसला नव्हता. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि चप्पल घातली.

मोटारीत पेडल एकच होतं. दाबलं की चालते, सोडलं की थांबते. पिवळ्या टोपीतला कर्मचारी पट्टा लावताना म्हणाला, "पुढच्या गाडीला धडकू नका. बाकी इथे काही चुकत नाही."

"ऐकलंस ना," नवरा मॅडमना म्हणाला.

पहिल्याच वळणावर चाक पट्टीवर खाडकन आदळलं. मॅडमचा पाय पत्र्याच्या तळावर आपटला. मोटार थांबली.

"का थांबलास?"

"तू सांगितलंस."

"मी तोंडही उघडलं नाही."

"पाय बोलला."

तो पुन्हा निघाला. लाकडी पुलावर पाय पुन्हा आपटला, मोटार पुन्हा थांबली. मागच्या हिरव्या मोटारीत दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या. त्यातली थोरली म्हणाली, "अहो, भांडण घरी नेऊन पुरं करा. आमची फेरी संपत आली."

"भांडत नाही, आजी. शिकतोय."

"मग संध्याकाळ झाली म्हणा," धाकटी म्हणाली.

तिसऱ्यांदा ते पवनचक्कीपाशी थांबले. रस्ता सरळ होता आणि पुढची मोटार लांब गेली होती.

"आत्ता समोर काय दिसलं तुला?" मॅडमनी विचारलं.

"समोर कुठे बघत होतो? माझे कान तुझ्या पायाकडे होते."

उतरल्यावर मॅडम कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. रस्त्यावर मोटारी एकामागून एक जात होत्या.

"वकीलही तेच करतो," त्या म्हणाल्या. "सगळेच करतात. मी दाबीन म्हणून वाट बघतात आणि रस्ता सोडून देतात. मला वाटायचं, मी त्यांना वाचवतेय. दोन महिने मी लोकांना समोर न बघायला शिकवतेय."

"आणि मला वाटलं, मीच मंद आहे."

"तो मुद्दा वेगळा."

त्या पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. रांग चाळीस मिनिटांची होती. नवऱ्याने सुचवलं की त्यांनी मांडी घालून बसावं, म्हणजे पायाचा प्रश्न मिटेल.

"आणि सोमवारी? मालकीण उशी आणून देईल?" मॅडम म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आधी मी सांगायचे. पुढे वळण आहे, कमी कर. ती बस निघणार आहे, बघ. लोकांचं तोंड सुटतं, माझा पाय सुटला. तेव्हापासून बोललेच नाही मी."

दुसऱ्या फेरीत त्या बोलल्या. "पुढे वळण. आत्ता सोड. हं, दाब. चाक जरा माझ्याकडे." पाय एकदा उचलला गेला. त्यांनी तो टाचेवर टेकवला, आवाज होऊ दिला नाही. नवरा पट्टीवर चारदा आदळला, पण थांबला नाही.

तिसऱ्या फेरीला बसताना त्यांनी सांगितलं, "आता बोलणारही नाही. तूच बघ."

पुलाच्या उतारावर पुढच्या मोटारीतल्या माणसाची टोपी उडाली. ती पकडायला तो अर्धवट उठला आणि त्याची मोटार जागच्या जागी थांबली. मधलं अंतर झपाट्याने कमी होऊ लागलं. मॅडमची टाच तळावर आणि चवडा हवेत होता. तो तिथेच राहिला. नवऱ्याने पेडल सोडलं. मोटार वीतभर अंतरावर थांबली.

"मला दिसलं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"कसं काय?"

"तुझी मान पुढे आली. माणूस बघतो तेव्हा पायाच्या आधी मान हलते. हे मी नव्या शिक्षकांना शिकवलंय." त्यांनी चवडा खाली टेकवला. "चौकातल्या त्या दिवसापासून मी नुसता रस्ता बघतेय. माझं काम मान बघायचं आहे."

कॉफीच्या टपरीपाशी प्लास्टिकच्या टेबलावर बसून त्यांनी मालकिणीला फोन लावला.

"सोमवारी वकील नको. नर्स द्या."

"तिने तुम्हाला नको म्हटलंय, मॅडम."

"म्हणूनच. आणि गोल चौकातून जाऊ."

"विचारून कळवते," मालकीण म्हणाली.

पाऊण तासाने निरोप आला. मॅडमनी तो वाचून दाखवला: "नर्स येतेय. पण चौक एकदाच, असं म्हणतेय."

"एकदा पुरेल?" नवऱ्याने विचारलं.

"पुरवायचं," मॅडम म्हणाल्या, आणि उरलेल्या नऊपैकी सहा राइड त्यांनी पाचच्या आत उरकल्या.

सोमवारी नऊला नर्स स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ताठ बसली होती. मागे मालकीण, मांडीवर वही.

"निघण्याआधी एक," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी उशीर मला झाला. तुला टेंपो न दिसणं ही शिकाऊ माणसाची चूक होती. माझी चूक शिक्षकाची होती."

नर्सने आरसा जरासा फिरवून नीट केला आणि गाडी सुरू केली.

वीस मिनिटं मॅडम बोलत राहिल्या, मग कमी बोलू लागल्या, मग गप्प झाल्या. थांब्यावरून बस बाहेर आली. नर्सची मान पुढे झाली, गाडीचा वेग तिचा तिनेच कमी केला. मॅडमचा चवडा हवेतच होता. मालकिणीने काही लिहिलं नाही.

गोल चौकाच्या तोंडाशी नर्सने येणारी वाहनं पाहिली, जागा मिळाल्यावर आत घेतली. अर्ध्या फेरीत, उभ्या व्हॅनच्या आडून एक सायकलवाला निघाला. मॅडमनी नर्सच्या मानेकडे पाहिलं. मान हलली नाही.

मॅडमनी ब्रेक दाबला.

गाडी थांबली. सायकलवाला त्यांच्याकडे न बघता समोरून गेला. मागून पेनाचा आवाज आला.

"मॅडम, हा लागत होता का?" मालकिणीने विचारलं.

"लागत होता," नर्स म्हणाली. "मला तो दिसलाच नव्हता."

"व्हॅनच्या आड होता," मॅडम म्हणाल्या. "व्हॅन उभी दिसली की तिच्या मागे कोणीतरी आहे, असं धरून चालायचं. आता घे पुढे, बाहेर पड आणि परत चौकात ये."

"एकदाच म्हटलं होतं मी," नर्स म्हणाली.

"हे अर्धंच झालं." मागे मालकिणीने वही मिटली.

नर्सने आरशात पाहिलं, मग व्हॅनच्या कडेकडे मान वळवून पाहिलं, आणि गाडी काढली.