सुकाणूच्या फटीतून पळणारी हवा

“मिस्टर हॉलिस, आता विमानाला सुकाणू लावायचं की सुकाणूला विमान?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून डार्लाने विचारलंच. शनिवारच्या पॅनकेकच्या न्याहारीला हँगर गच्च भरला होता. मैत्रिणी खिदळल्या. बाकीचे ताटात बघू लागले.

हॉलिस म्हणजे या धावपट्टीवरचे महागुरू. पहिल्यांदा एकट्याने उडून आलेल्याच्या शर्टाची पाठ तेच कात्रीने कापायचे आणि मानाची खूण म्हणून भिंतीवर टांगायचे. ऑगस्टात सोळा वर्षं पूर्ण झाली की डार्लाही एकटी उडणार होती, डॅडने घरी बांधलेल्या विमानातून. पण पंखा पाठीमागे असलेलं ते विमान उतरताना इंजिन मंद केलं की पायाचं ऐकायचंच नाही. आडव्या वाऱ्यात पेडल तळापर्यंत दाबा, नाक ढिम्म! हॉलिसांचं औषध एकच: सुकाणू मोठं करा. दोनदा करून झालं. शेपटीला आता कोठाराचं दार लटकल्यासारखं दिसायचं.

“पोरी, मी उडत होतो तेव्हा तुझा बाप रांगत होता.”

डार्लाने शेपटी आणि सुकाणू यांच्यामधल्या फटीकडे बोट दाखवलं. “आणि ही फट तेव्हाही एवढीच होती?”

विमान हँगरबाहेर काढून डार्लाने मॉमच्या विणकामातली लाल लोकर कापून शेपटीवर तुकडे चिकटवले. डॅडने इंजिन चालू करून पेडल दाबलं. तुकडे मागे सरळ उडायला हवे होते. ते चक्क त्या फटीत शिरत होते. सुकाणूला रेटायची ती हवा फटीतून पळून जात होती! गुडघ्यावर बसून नीट पाहिलं ते एकट्या इमेल्डाने. ती शेतांवर विमानातून औषध फवारायची, विमान उडवायला शिकवायचीही. बाकीच्यांना सरबताची घाई.

डॅडने फटीवर कापडी पट्टी चिकटवली, सुकाणू पुरतं वळेल इतकी सैल. दुपारी आडव्या वाऱ्यात, इंजिन मंद करून, त्याने धावपट्टीवर विमान पळवलं. पाय दाबला आणि नाक वळलं. मुकाट्याने!

हॉलिसांनी मिशी पुसली. “बघितलंत? मोठं केल्याचा गुण जरा उशिरा येतो.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. डॅडनेसुद्धा! एवढी मोठी माणसं, आणि मानेला बिजागरी तेवढी झकास बसवलेली.

रात्री जेवताना डॅड म्हणाला, “हॉलिस म्हणतायत, सोमवारपासून तुला शिकवतो.”

डार्लाने काटा खाली ठेवला.

“मॉम, डॅड, ऐका. मी उडणार, याच विमानात. पण शिकणार इमेल्डाकडे. आणि माझ्या शर्टाला त्या माणसाची कात्री लागणार नाही.”