आश्रुबाच्या छातीतली भट्टी

मित्रांनो, मी एक जुनं, झिजलेलं हृदय आहे. सिरसाळ्याजवळच्या आश्रुबाच्या छातीत अठ्ठावन्न वर्षं राबतोय. त्याच्या आईच्या पोटातच कामाला लागलो. सुट्टी कशी असते, मला ठाऊक नाही.

आश्रुबा सहकारी साखर कारखान्यात बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे उसाचा वाळका चोथा, घालायचा. लोक म्हणत, "गडी लई दणकट हाय." ते ऐकून मीही फुगायचो.

मग दुष्काळ पडला. ऊस नाही, म्हणून कारखाना बंद. पाण्याचा टँकर टेकडीखाली थांबे आणि आश्रुबा दोन घागरी घेऊन वर घराकडे चढे. मला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तोवर अरुंद झाल्या होत्या. चढावर प्राणवायू पुरेना. मी कळवळे आणि तो छाती धरून खाली बसे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "हृदय चरबीही जाळतं आणि साखरही. चरबीला प्राणवायू जास्त लागतो. ही गोळी हृदयाला साखरेकडे वळवते. बाकीच्या औषधांसोबत रोज घ्या. कळ आलीच, तर ही दुसरी जिभेखाली ठेवा."

जन्मभर भट्टी सांभाळलेल्या आश्रुबाला हे लगेच पटलं, पण डोकं नको तिथे चाललं. घरी येऊन बायकोला म्हणाला, "साखरच पायजे ना? मंग गोळी कावून? कारखान्याची साखर हाय की डब्यात!" वळवणारी गोळी फडताळात गेली आणि रोज सकाळी मूठभर साखर तोंडात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! मी आतून ओरडत होतो, पण ऐकतो कोण?

आठव्या दिवशी अर्ध्या चढावर मी आवळलो. घागरी गडगडत खाली गेल्या. त्याची बायको छबुबाई धावत आली.

"अवं, डोळे उघडा! तोंड उघडा आदी!"

तिने त्याच्या खिशातली दुसरी गोळी काढून जिभेखाली सरकवली. माझे ठोके अडखळत होते. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. मी थांबलो असतो तर ती त्या टेकडीवर एकटी उरली असती. हळूहळू रक्त आलं, कळ सैल झाली.

दवाखान्यात सगळं ऐकून डॉक्टरीणबाई रागावल्या. "साखर रक्तात आधीच असते. ती खाऊन हृदय वळत नाही, गोळीने वळतं."

"चुकलं, बाई," आश्रुबा म्हणाला.

आता त्याने गोळी गिळेपर्यंत छबुबाई समोरून हलत नाही. तो कुरकुरतो, "लेकरू हाय का मी?"

"न्हाई. लेकराला येवढं सांगावं लागत न्हाई."

मित्रांनो, दुखणं हीच माझी भाषा. ती ऐका आणि औषध आपल्या मनाने कधी बंद करू नका. परवा आश्रुबाला डुलकी लागली, तेव्हा छबुबाईने हळूच त्याच्या छातीला कान लावला. ती ऐकत होती तोवर मी एकही ठोका चुकू दिला नाही.