रंगूबाईचा कबड्डीचा फोटो

प्रियदर्शनीला कशाची किळस येत नाही ते विचारा, यादी आटोपशीर होईल. सुट्टी काढून साताऱ्याहून सांगलीला सायकलवर निघाली खरी, पण उसाचे तुरे बघायचे सोडून बाईसाहेबांचं सगळं ध्यान रस्त्यावरच्या पिचकाऱ्यांवर. कारखान्याच्या मळीचा वास आला तसा तिने नाकाला रुमाल आवळला. "आक्का, श्वास तरी घे गं," चुलतभाऊ साईराज म्हणाला.

साईराज तर तिच्या मते घाणीचा बादशहा. केळं खाऊन हात पँटला पुसायचा आणि पुस्तकाचं पान थुंकी लावून उलटायचा.

तरी जुन्या पुस्तकांची दुकानं चुकवून चालणार नव्हती. तिच्या आईचा, रंगूबाईचा, तरुणपणीचा एकच फोटो होता, शाळेच्या स्मरणिकेत, कबड्डीच्या संघातला. घरची प्रत महापुरात गेली. आणि आता पंच्याहत्तरीची आई अंथरुणावरून एकच म्हणत होती, "मी बी कवा पोरगी हुते, एकदा बघू दे गं."

कऱ्हाडात रद्दीच्या दुकानातल्या महंमदचाचांनी सुतळीने बांधलेला गठ्ठा पुढे सरकवला. "शाळांच्या स्मरणिका हायत्या. बघा सोडून." गठ्ठ्यावर उंदराच्या लेंड्या होत्या. तिला शिसारी आली. सांगलीला जाऊन हातमोजे घालून बघीन म्हणाली, आणि गठ्ठा साईराजच्या कॅरिअरला बांधायला लावला.

दुसऱ्या दिवशी आष्ट्याजवळ एका रसवंतीसमोर तिची चेन पडली. साईराज रस सांगायला गेलेला, म्हणून तिनेच चढवली. दोन्ही हात काळेकुट्ट झाले. त्याने आपला टॉवेल पुढे केला.

"त्या फडक्याला मी मेले तरी हात लावणार नाही. कागद दे."

त्याने गठ्ठ्यातलं वरचं, कव्हर गेलेलं पुस्तक ओढलं. "बघून फाडू का, आक्का?"

"त्यात बघायचं काय? फाड."

तिने बोट न् बोट घासून पुसलं आणि बोळा रसवंतीमागे भिरकावला.

दुपारी सांगलीच्या लॉजवर तिने हातमोजे घालून गठ्ठा सोडला. वरचंच पुस्तक आईच्या शाळेचं निघालं. डाव्या पानावर कबड्डीच्या संघातल्या सात मुलींची नावं होती, तिसरं आईचं. समोरचं फोटोचं पान फाडलेलं होतं.

तिला स्वतःची अशी किळस आली, की तेवढी जन्मात कुणाची आली नव्हती.

दोघांनी वीस किलोमीटर उलटी सायकल हाणली. रसवंतीमागे उसाच्या चिपाडांचा आंबलेला ढीग होता, त्याच्यावर माश्या आणि कुणाकुणाचा थुंकलेला गुटखा. हातमोजे लॉजवरच राहिले होते.

"थांब, मी काढतो," साईराज म्हणाला.

"हो बाजूला." तिने कोपरापर्यंत हात घातला. पोटातलं तोंडाशी आलं, ते तिने गिळलं आणि चाचपत राहिली.

बोळा सापडला. मांडीवर ठेवून तिने तो हळूहळू उलगडला. सात पोरी ओळीने उभ्या होत्या. सहा जणींची तोंडं स्पष्ट दिसत होती. तिसरीच्या तोंडावर ग्रीसचा अंगठा उमटला होता, प्रियदर्शनीचाच.

तिने ते घाणीने बरबटलेलं बोट जिभेला लावलं, आणि आईचं तोंड पुसायला लागली.